टाके भरले, मग दुखणं का राहिलं?

प्रश्न

मी केज तालुक्यातल्या एका गावातून लिहिते. वय ३६. आम्ही नवरा-बायको ऊसतोडीला जातो. माझी दोन्ही बाळंतपणं सिझरची, दुसरं तर रात्री घाईघाईनं करावं लागलं. पुढं ओटीपोटात सारखं दुखायचं, अंगावरून पांढरं जायचं. तीन वर्षांखाली डॉक्टरांनी पिशवी काढायला सांगितली, काढली. टाके चांगले भरले, सोनोग्राफी नॉर्मल आहे. पण टाक्याच्या डाव्या कोपऱ्यात अजून आग होते. परकराची नाडी तिथं लागली तरी सहन होत नाही. त्याच्या खालचा भाग बधिर आहे, आणि बधिर असून दुखतो, हे कुणाला सांगितलं तर खरं वाटत नाही. कंबर तर कायमच धरलेली. सगळे म्हणतात, कमरेत भुलीचं इंजेक्शन दिलं, त्यानं कंबर गेली. माझ्या जावेचंही हेच ऑपरेशन झालं, ती दोन महिन्यांत फडात होती. सासूबाई म्हणतात, हे तुझ्या मनाचे खेळ. आता एका डॉक्टरांनी सांगितलंय की आतडी चिकटली असतील, दुर्बीण टाकून मोकळी करू. करू का? आणि दिवाळीनंतर लातूरला आईच्या गुडघ्याची वाटी बदलायचं ठरलंय. तिचंही माझ्यासारखं झालं तर? सगळ्यात मोठी भीती ती आहे.

एक वाचक, जिल्हा बीड

उत्तर

ताई, हे मनाचे खेळ नाहीत. सासूबाईंना हे उत्तर वाचून दाखवणार असाल तर इथूनच सुरुवात करा. ऑपरेशननंतर सुरू झालेलं किंवा वाढलेलं आणि जखम भरून आल्यावरही तीन महिन्यांहून जास्त टिकलेलं दुखणं वैद्यकशास्त्रात स्वतंत्र आजार म्हणून नोंदलेलं आहे. जागतिक आरोग्य संघटनेची आजारांची जी यादी २०२२ पासून लागू झाली, तिच्यात त्याला स्वतःची जागा आहे. पोटाच्या नेहमीच्या सोनोग्राफीत ते सापडत नाही, कारण ती आतले अवयव दाखवते. नस किती चिडलेली आहे हे तिला कळत नाही. तेव्हा ‘सोनोग्राफी नॉर्मल’ याचा अर्थ ‘तुम्हाला काही झालेलं नाही’ असा कुणी लावला असेल तर तो चुकीचा लावला.

हे दुखणं दुर्मीळही नाही. डेन्मार्कचे शल्यचिकित्सक हेन्रिक केह्लेट आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी २००६ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात तोवरचे अभ्यास एकत्र मांडले. नेहमी होणाऱ्या ऑपरेशनांनंतर १० ते ५० टक्के लोकांना काही ना काही दुखणं मागे राहतं, आणि २ ते १० टक्के लोकांना ते जगणं अवघड करण्याइतकं तीव्र असतं, असं त्यांनी दाखवलं. छाती उघडावी लागली, स्तनाचं ऑपरेशन झालं, पाय कापावा लागला, तर प्रमाण बरंच जास्त. हर्निया आणि सिझरनंतर दहातल्या एकाच्या आसपास. मी भूलतज्ज्ञ आहे. ऑपरेशन थिएटरच्या दारात रुग्णाशी शेवटचं बोलणारी बहुतेक वेळा मीच असते, आणि तिथं येणाऱ्या बायाबापड्यांना यातलं काहीही कुणी सांगितलेलं नसतं. खर्च सांगितलेला असतो, पथ्य सांगितलेलं असतं. दुखणं मागे राहू शकतं, आणि कुणाचं राहण्याची शक्यता जास्त आहे, हे मात्र सांगायचं राहून जातं.

आता तुमचं का राहिलं आणि जावेचं का नाही.

पिशवी काढण्याबद्दल डेन्मार्कमध्येच एक मोठा अभ्यास झाला, २००७ साली तो प्रसिद्ध झाला. ऑपरेशनला एक वर्ष झालेल्या हजाराहून जास्त बायकांना विचारलं गेलं. जवळपास ३२ टक्के बायकांना ओटीपोटात दुखत होतं. सुमारे १४ टक्के बायकांना आठवड्यातून दोन दिवसांपेक्षा जास्त दुखायचं. कुणाला जास्त दुखतं हे पाहिलं तेव्हा चार गोष्टी वर आल्या: ऑपरेशनच्या आधीपासून ओटीपोटात दुखत असणं, आधी सिझर झालेलं असणं, दुखणं हेच पिशवी काढण्याचं मुख्य कारण असणं, आणि शरीरात दुसरीकडेही कुठं कायमचं दुखत असणं. पोट उघडून काढली की खालच्या वाटेनं काढली, यानं फारसा फरक पडला नाही.

हे वाचून तुमचं पत्र पुन्हा पाहिलं तर पहिल्या तीनही गोष्टी त्यात स्पष्ट आहेत. कंबर आधीपासून धरत असेल तर चौथीही. जावेची पिशवी कशासाठी काढली ते तुम्ही लिहिलेलं नाही. गाठीमुळं अंगावरून खूप रक्त जात असेल, पण आधी दुखत नसेल, तर तिची सुरुवातच वेगळ्या ठिकाणाहून झाली. शिवाय प्रत्येकाच्या नसांची जाण जन्मतःच थोडी वेगवेगळी असते. एकाच ऑपरेशनानंतर एक जण चार दिवसांत उठून फिरते आणि दुसरी महिनाभर अंथरुणाला खिळते, यात पहिलीची हिंमत जास्त आणि दुसरीची कमी असं काही नसतं. वयाचाही भाग आहे. लोकांना वाटतं की तरुण शरीर लवकर सावरतं. जखम लवकर भरते हे खरं, पण मागे राहणारं दुखणं अनेक ऑपरेशनांत तरुण वयातच जास्त आढळतं, आणि पुरुषांपेक्षा बायकांत जास्त. तुमचं ऑपरेशन तेहेतिसाव्या वर्षी झालं.

आधीचं दुखणं इतकं का महत्त्वाचं, ते थोडं समजून घ्या. एखाद्या जागेवरून महिनोन्‌महिने वेदनेचे संदेश जात राहिले की मज्जारज्जूतल्या ज्या पेशी ते संदेश पुढं मेंदूकडं पाठवतात त्या हळूहळू अतिसंवेदनशील होतात. घरात एकदा चोर शिरून गेला की दारातलं कुत्रं पुढं पान हललं तरी भुंकतं, तसं. मग पिशवी गेली, जखम भरली, तरी साधा स्पर्श, साधी नाडी, हीसुद्धा वेदना म्हणून वर पोचते. अशा जागलेल्या शरीरावर आणखी एक कापाकापी होते, तेव्हा ते आणखी जागतं.

तुमच्या बाबतीत मला यापेक्षाही ठळक दिसतंय ते टाक्याच्या डाव्या कोपऱ्यातलं दुखणं. तुमचे टाके आडवे असतील, बेंबीच्या बरेच खाली, असं मी धरून चालते. त्या आडव्या छेदाच्या दोन्ही टोकांजवळून पोटाच्या भिंतीतल्या दोन बारीक नसा जातात, इलिओइंग्विनल आणि इलिओहायपोगॅस्ट्रिक. छेद थोडा लांबला की त्या कापल्या जाऊ शकतात, टाक्यात धरल्या जाऊ शकतात, किंवा नंतर तयार होणाऱ्या घट्ट वणात अडकतात. नस दुखावली की तिच्या हद्दीतली कातडी बधिर होते, आणि त्याच बधिर भागात आग, चमका, सुया टोचल्यासारखं होतं. बधिर असून दुखतं, हे कुणाला खरं वाटत नाही म्हणता ना, ती तर नसेच्या दुखण्याची सगळ्यात ओळखीची खूण आहे. नेदरलँड्समधल्या डॉक्टरांनी अशा आडव्या छेदाच्या ६९० बायकांची पाहणी करून २००८ साली लिहिलं की दोन वर्षांनंतरही जवळपास एक तृतीयांश बायकांना छेदाच्या जागी काही ना काही दुखत होतं. ज्यांना जास्त दुखत होतं त्यांच्यात निम्म्याहून अधिक जणींची नस अडकलेली निघाली. त्याच जागी पुन्हा पुन्हा छेद घेतलेला असणं, घाईत केलेलं सिझर आणि बधिरपणा, या तीन गोष्टी त्यांच्यात जास्त दिसल्या. तुमच्या पोटावर तोच छेद तिसऱ्यांदा उघडला गेला.

म्हणून दुर्बिणीबद्दल माझं मत: आत्ता करू नका.

ऑपरेशन झालेल्या पोटात आतडी थोडीफार चिकटलेली असणं फार सर्रास आहे, आणि ज्यांना काहीही दुखत नाही त्यांच्यातही ती चिकटलेली सापडतात. ती मोकळी केल्यानं जुनं दुखणं जातं का, हे नेदरलँड्समध्ये १०० रुग्णांवर नीट तपासलं गेलं. सगळ्यांना दुर्बीण टाकली, निम्म्यांची आतडी मोकळी केली आणि निम्म्यांची नुसती पाहून सोडून दिली. कुणाचं काय केलं ते रुग्णाला सांगितलं नाही. वर्षभरानं दोन्ही गटांना सारखंच बरं वाटत होतं, मोकळी करण्याचा वेगळा फायदा दिसला नाही. २००३ साली हा अभ्यास प्रसिद्ध झाला. आतडं खरोखर अडलं, पोट फुगलं, उलट्या होतायत, गॅस आणि शौच बंद, तर ती वेगळी गोष्ट. तेव्हा ताबडतोब दवाखाना गाठायचा. नुसत्या दुखण्यासाठी पुन्हा पोटात शिरणं म्हणजे वर सांगितलेल्या कारणांत आणखी एक भर घालणं. त्या डॉक्टरांचा हेतू वाईट आहे असं मी म्हणत नाही. पण पैसे उचलून आणण्याआधी दुसऱ्या ठिकाणी दाखवा.

कुठं दाखवायचं? तुम्हाला जवळ अंबाजोगाईचं स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय. आईसाठी लातूरला जाणं होईल तेव्हा तिथलं विलासराव देशमुख शासकीय वैद्यकीय विज्ञान संस्थेचं रुग्णालय. संभाजीनगरकडं कुणी नातेवाईक असतील तर तिथलं घाटीचं सरकारी रुग्णालय. केसपेपर काढताना स्त्रीरोग विभागाबरोबर भूलशास्त्र विभागात दाखवायचं आहे असं सांगा. भूलतज्ज्ञ फक्त ऑपरेशनलाच असतात असा समज आहे, पण जुनाट दुखण्यावर नसेच्या जागी इंजेक्शन देण्याचं काम बहुतेक तेच करतात.

तिथं एक साधी तपासणी करायला सांगा. तुम्हाला उताणं झोपवून डॉक्टर दुखऱ्या जागी एक बोट दाबून धरतील आणि तुम्हाला डोकं-खांदे उचलायला सांगतील. पोटाचे स्नायू ताठ झाल्यावर दुखणं वाढलं तर ते बहुधा पोटाच्या भिंतीतलं आहे. आतल्या अवयवाचं असेल तर ते अशा वेळी बहुधा कमी होतं, कारण ताठ स्नायू आतल्या भागाला आडोसा देतात. मग त्या जागी भुलीच्या औषधाचं छोटं इंजेक्शन देऊन पाहतात. काही मिनिटांत दुखणं उतरलं तर नस सापडली. काही जणींना अशा एक-दोन इंजेक्शनांनीच बराच काळ आराम पडतो, काहींना ती पुन्हा घ्यावी लागतात.

गोळ्यांबद्दल एक इशारा. नसेच्या दुखण्याला डायक्लोफेनॅकसारख्या नेहमीच्या वेदनाशामक औषधाचा फारसा उपयोग नसतो. गावात मिळणारं ‘दुखण्याचं इंजेक्शन’ आणि मेडिकलवरून आणलेल्या गोळ्या वर्षानुवर्षं चालू ठेवल्या तर मूत्रपिंडं आणि जठर दोन्ही खराब होतात. उन्हात, पाणी कमी पिऊन, दिवसभर ऊस तोडणाऱ्या शरीराला तर हा धोका दुप्पट मानून चाला. नसेसाठी वेगळी औषधं असतात, अमिट्रिप्टिलीन, गॅबापेन्टीन, प्रीगॅबालिन, ड्युलॉक्सेटीन. ती कमी मात्रेत सुरू करून हळूहळू वाढवतात, परिणाम दिसायला काही आठवडे लागतात, आणि सुरुवातीला गुंगी येते, तोंड कोरडं पडतं. यातल्या काही गोळ्या नैराश्यावरही देतात. मेडिकलवाला ‘ही डिप्रेशनची गोळी आहे’ असं सांगेल आणि घरात पुन्हा मनाच्या खेळाचं नाव निघेल. त्या गोळ्या मज्जारज्जूतल्या वेदनेच्या वाटेवरही काम करतात, म्हणून दिलेल्या असतात. डॉक्टरांना विचारल्याशिवाय सुरू करू नका आणि एकदम बंदही करू नका.

आता मनाबद्दल, कारण सासूबाईंच्या बोलण्यात एक कण खरा आहे, फक्त त्यांनी तो चुकीच्या बाजूनं धरला आहे. चिंता, उदासी, झोप न लागणं, आणि ‘आता हे कधीच जाणार नाही, माझं सगळं संपलं’ असा विचार सतत घोळत राहणं, यांमुळं ऑपरेशननंतरचं दुखणं मागे राहण्याची शक्यता वाढते, हे अनेक अभ्यासांत दिसलेलं आहे. पण याचा अर्थ दुखणं खोटं असा होत नाही. मेंदूतून मज्जारज्जूकडं उतरणाऱ्या काही वाटा वेदनेला आवर घालतात. भीती आणि जागरण त्या वाटा कमजोर करतात, एवढा हा सरळ शरीराचा व्यवहार आहे. तेव्हा ज्या घरात दुखणाऱ्या बाईला ‘नाटकं करते’ म्हणतात, त्या घरात तिचं दुखणं वाढण्याचीच सोय होते. मालकांना हा परिच्छेद मुद्दाम वाचायला द्या. मुलाचं बोलणं सासूबाई ऐकतील.

कमरेच्या इंजेक्शनाचं ओझं मात्र मनातून काढून टाका. मराठवाड्यात मला सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच असतो. टोचलेल्या जागी काही दिवस ठणकतं, ते खरं. पण बाळंतपणात कमरेतून भूल घेतलेल्या आणि न घेतलेल्या बायकांची तुलना केल्यावर कायमची कंबरदुखी पहिल्यांत जास्त दिसलेली नाही. उलट पिशवीच्या त्याच डॅनिश अभ्यासात कमरेतून भूल दिलेल्या बायकांमध्ये, पूर्ण बेशुद्ध केलेल्यांपेक्षा, मागे राहिलेलं दुखणं कमी होतं. तुमच्या कंबरेला दुसरी पुष्कळ कारणं आहेत. दोन बाळंतपणं, वाकून तोडणं, आणि डोक्यावर मोळी घेऊन ट्रकच्या फळीवर चढणं.

आणखी एक कारण असू शकतं, म्हणून डिस्चार्ज कार्ड शोधा. पिशवीबरोबर दोन्ही अंडाशयं काढली का, ते त्यावर लिहिलेलं असेल. काढली असतील तर पाळी जाण्याच्या वयाच्या कितीतरी आधी तुमचं शरीर त्या अवस्थेत गेलं आहे. अंगदुखी, रात्री घाम, झोपमोड, हाडं ठिसूळ होणं हे त्यातून येतं, आणि त्याला वेगळे उपचार आहेत. अंडाशयं ठेवलेली असली तरी पिशवी काढल्यावर ती लवकर थकू शकतात. अंबाजोगाईला दाखवताना हे कार्ड आणि पिशवीच्या तपासणीचा रिपोर्ट, दोन्ही बरोबर न्या.

अंगावरून पांढरं जातं म्हणून पिशवी काढणं, याबद्दल मला लिहिलंच पाहिजे. तुम्ही चुकलात असं मी अजिबात म्हणत नाही. तुम्हाला जे सांगितलं गेलं त्यावर तुम्ही विश्वास ठेवला. पण पांढरं जाणं बहुतेक वेळा संसर्गामुळं असतं आणि औषधांनी बरं होतं. २०१९ साली नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीनं बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांची जी माहिती पुढं आणली, तिच्यात ८२,३०९ बायकांपैकी १३,८६१ जणींची पिशवी काढलेली होती. खाडा पडला की मजुरी कापली जाते, फडावर ना संडास ना पाणी, पाळीच्या दिवसांतही मोळ्या उचलायच्याच, मग बाई स्वतःच म्हणते की एकदाची कटकट जाऊ दे. त्या आकड्याबद्दल तेव्हा खूप बोललं गेलं. त्यातल्या किती जणींना आज तुमच्यासारखं दुखतंय, हे कुणी विचारलं का? डॅनिश अभ्यासातली कारणं समोर ठेवून पाहिलं तर तरुण वय, आधीचं दुखणं, आधीचं सिझर, सगळं त्यांच्यात भरलेलं आहे. या बायकांना दुखण्यावर उपचार मिळाले पाहिजेत, आणि तुमच्या गावात अशा आणखी कुणी असतील तर त्यांनाही हे दाखवा.

यंदा फडावर जाऊ का, हे तुम्ही विचारलेलं नाही, पण उचल घेण्याचे दिवस जवळ आलेत म्हणून लिहिते. घरचा हिशेब तुमचा तुम्हालाच माहीत. तपासणी आणि इंजेक्शन होईपर्यंत मुकादमाला शब्द देऊ नका, एवढं जमलं तर करा. जावंच लागलं तर तोडणीचं काम तुम्ही आणि मोळी वाहण्याचं मालकांनी, अशी वाटणी आधीच ठरवून घ्या. हालचाल पूर्ण बंद करणंही वाईट. न हललेलं पोट आणि कंबर आणखी आखडतात. दुखणं कमी असलेल्या दिवशी सगळी कामं उरकून टाकायची आणि मग तीन दिवस पडून राहायचं, हे मात्र टाळा. रोज थोडं, सारखं. वणावर रोज मऊ सुती कापड काही मिनिटं फिरवा, आधी कडेनं, मग हळूहळू दुखऱ्या जागेकडं. नसेला साध्या स्पर्शाची पुन्हा सवय लागते. परकराऐवजी रुंद पट्ट्याची सलवार घालता आली तर तीही घाला, कोण काय म्हणेल याचा विचार न करता.

ताप, वणाजवळ फुगवटा (खोकल्यावर वाढत असेल तर तो हर्निया असू शकतो), लघवी अडणं, रक्त जाणं, वजन उतरणं, यांपैकी काही असेल तर अंबाजोगाईला जायला दिवाळीची वाट पाहू नका.

आता आई. तुमचं झालं म्हणून त्यांचंही होईल असं नाही. गुडघा बदलल्यावर पाचातल्या सुमारे एकाला दुखणं मागे राहतं. म्हणजे चौघांना चांगला आराम पडतो, आणि झिजून वाकलेल्या गुडघ्यावर चालणाऱ्या माणसाला ते ऑपरेशन नवं आयुष्य देतं. त्यामुळं घाबरून रद्द करू नका. पण त्या एकात आई जाण्याची शक्यता किती, हे आधीच बऱ्यापैकी पाहता येतं. एक्स-रेवर झीज खरोखर भरपूर आहे का? झीज थोडी आणि दुखणं फार, असं असेल तर ऑपरेशनाचा फायदा कमी दिसतो, तेव्हा आधी व्यायाम आणि औषधं नीट करून पाहावीत. गुडघ्याशिवाय कंबर, खांदे, सगळं अंग दुखतं का? रात्री झोप लागते का? ट्रामाडॉलसारख्या, अफूच्या जातीच्या वेदनाशामक गोळ्या किती दिवसांपासून चालू आहेत? ऑपरेशनआधी बराच काळ असल्या गोळ्या घेतलेल्यांचं दुखणं नंतर आवरायला अवघड जातं. आई डॉक्टरांपुढं ‘बरं हाय’ एवढंच म्हणणार, म्हणून हे सगळं तुम्ही सांगा. गोळ्यांची रिकामी पाकिटं पिशवीत घालून न्या.

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी भूलतज्ज्ञ तपासायला येतील. त्यांना विचारा, पहिल्या दोन दिवसांचं दुखणं कसं आवरणार? मांडीतल्या नसेला इंजेक्शन देऊन गुडघा बधिर करता येतो, तेही पायाची ताकद फारशी न घालवता. ते देणार का, हे स्पष्ट विचारा. पहिल्या दिवसांचं दुखणं जितकं तीव्र आणि जितका वेळ टिकेल, तितकी ते मागे राहण्याची शक्यता वाढते. युरोपातल्या अनेक रुग्णालयांत मिळून झालेल्या, २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असं दिसलं की पहिल्या चोवीस तासांतला तीव्र वेदनेचा वेळ दहा टक्क्यांनी वाढला तर वर्षभरानं दुखणं राहण्याचा धोका तीस टक्क्यांनी वाढतो. नुसतं दुखणं दाबलं की सगळं टळतं असं अजून कुणी सिद्ध केलेलं नाही, आणि ‘ही एक गोळी घ्या, पुढं दुखणार नाही’ असं औषधही नाही. पण काही ऑपरेशनांत, छातीच्या आणि स्तनाच्या विशेषतः, नस बधिर करून दिलेल्या भुलीनं मागे राहणारं दुखणं कमी झालेलं आहे. आणि पहिली रात्र कण्हत न काढता आली, एवढंही कारण मला पुरेसं आहे.

आपल्याकडं ती रात्र सोसायची असते. ‘जास्त इंजेक्शनं घेतली तर टाके भरत नाहीत’ असं कुणीतरी शेजारच्या खाटेवरून सांगतं, आणि आई गप्प बसते. तसं काही होत नाही. जी औषधं डॉक्टर ठरवून देतात ती ठरलेल्या वेळेला घ्यायची, दुखायला लागेपर्यंत थांबायचं नाही. सिस्टरांना नुसतं ‘दुखतंय’ न म्हणता, पडल्या जागी किती आणि पाय वाकवल्यावर किती, असं सांगा. वाकवल्यावरचं दुखणं आवरलं तरच दुसऱ्या दिवशी फिजिओथेरपी जमते, आणि फिजिओथेरपी चुकली की गुडघा आखडतो. घरी आल्यावर दोन-तीन महिन्यांनीही दुखणं कमी होण्याऐवजी वाढत असेल, किंवा आग आणि चमका सुरू झाल्या असतील, तर ‘होईल हळूहळू’ म्हणून थांबू नका. तुम्हाला तीन वर्षं जावी लागली, तसं त्यांचं होऊ द्यायचं नाही.

रात्री आईजवळ कोण थांबणार, ते आताच ठरवा. तुम्हीच थांबणार असाल तर त्यांना उठवून बसवायला, संडासला न्यायला वॉर्डातल्या मावशींना हाक मारा, किंवा भावाला थांबवून घ्या. तुमच्या पोटाच्या त्या कोपऱ्यावर आईचं वजन येऊ देऊ नका.